सांभाळणाऱ्या माणसाला नाव हवं

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर दोन जाहिराती एकाखाली एक होत्या. पहिलीत मळ्यासाठी केअरटेकर पाहिजे होता, दुसरीत अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध वडिलांसाठी केअरटेकर. मळ्याच्या कामाला आपल्याकडे राखणदार आहे, सालदार आहे. मग माणूस सांभाळणाऱ्यालाच आपला शब्द का नाही? आठवडाभर हेच मनात घोळतंय, म्हणून लिहिते आहे.

माझ्या सासूबाईंना लकवा मारला आणि उजवी बाजू गेली. पावणेचार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी जखम व्हायला वेळ लागत नाही. रात्रीसुद्धा गजर लावून उठायचं. घास डाव्या बाजूने द्यायचा, कारण उजव्या गालात तो नुसता साचतो आणि मग ठसका लागतो. जेवण झालं की बोटाला ओलं फडकं गुंडाळून गाल आतून पुसून घ्यायचा. एका सिस्टरने हे एकदाच दाखवलं, बाकीचं हात शिकत गेले.

त्याच दिवसांत एका कार्यालयात अर्ज भरायचा होता. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर समोरचे म्हणाले, "काही करत नाही ना? मग गृहिणी लिहा." त्या दिवशी पहाटे चार वाजता मी ओली चादर बदलली होती. लिहिलं गृहिणी.

आमच्या अहिराणीत विचारतात, "म्हातारीले कोन सांभायस?" म्हणजे क्रियापद रोज तोंडात आहे. पण जी सांभाळते तिला नाम नाही. सून करते, लेक बघते, एवढ्यावर भागतं, आणि नात्याच्या नावाखाली काम दिसेनासं होतं.

पैसे घेऊन हेच करणाऱ्यांचंही तसंच. दवाखान्यात बेडपॅन देणारी ती मावशी, स्ट्रेचर ओढणारा तो मामा. मीही त्यांना तशीच हाक मारते आणि ती मायेनेच मारते. पण मावशीशी पगाराचं बोलताना आपली जीभ अडखळते आणि तिचीही. सालदाराचं तसं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, समोरासमोर बसून साल ठरतं, रक्कम ठरते. त्यात कुणाला संकोच वाटत नाही.

नावाचा पोटाशी किती संबंध असतो, हे आशाताईंना विचारा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात त्या आल्या आणि आपल्याकडे त्यांचं नाव पडलं आशा स्वयंसेविका. स्वयंसेविका म्हटल्यावर पगार कसला? मोबदला आणि मानधन! अंगणवाड्या तर १९७५ पासूनच्या. तिथल्या सेविका आणि मदतनिसांचं मानधन हे वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकायला एप्रिल २०२२ उजाडावं लागलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र एक चांगली गोष्ट केली आहे. दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारा कोण, याची त्यात व्याख्याच आहे. पैसे घेऊन करणारा असो की न घेता, आई-वडील आणि घरचे लोकही तिच्यात येतात. कायद्याला जे कळलं ते रोजच्या बोलण्यात यायला एक सुटसुटीत शब्द हवा. परिचारिका नको, तो शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन मिळवलेला शब्द आहे, तो सिस्टरांचाच राहू दे. काळजीवाहू म्हटलं की निवडणुकीनंतर चार दिवस खुर्चीवर राहिलेलं सरकार आठवतं. मला सुचतं ते सांभाळकरी. शेतकरी, वारकरी, पहारेकरी यांच्याच चालीवर. बाईला चालेल, पुरुषाला चालेल, घरच्याला आणि पगारी माणसालाही चालेल.

आपण निदान जाहिरातींच्या पानावर तो वापरून पाहावा, ही विनंती. आणखी एक. आपला पेपर रावेरपासून तळोद्यापर्यंत जातो. अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, गुजरी बोलणाऱ्या घरांत एखाद्या आजीच्या तोंडी यासाठी जुना शब्द असेलही. वाचकांनी तो कळवला तर कृपया छापावा. तो माझ्या शब्दापेक्षा नक्कीच चांगला असेल.

आपली,
एक वाचक, अमळनेर