शेजारचा ऑक्टोपॅड

प्रिय मन्या,

गणपतीत लिहितो म्हणालो होतो, आता शिमगा आला. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. तब्येत बरी. शुगर काठावर, डॉक्टर चालायला सांगतात, मी हो म्हणतो.

आज लिहायचं कारण रविवारचा कार्यक्रम. घरात सांगून उपयोग नाही, ती म्हणेल, "मग ड्रम वाजवणं बंद करा, माळा तरी मोकळा होईल." गाण्याच्या ग्रुपमध्ये सांगायची सोय नाही. उरलास तू.

हॉलवर ड्रम सेट लावायला गेलो तर माझ्या हाय-हॅटला, म्हणजे पायाने वाजणाऱ्या झांजांच्या जोडीला, खेटून एक ऑक्टोपॅड, तो विजेवरचा ड्रम-पॅड, आणि त्यामागे बावीस-तेवीसचा पोरगा. आल्या आल्या पाया पडला रे माझ्या! तिथेच संशय यायला हवा होता. आपले अध्यक्ष (तेच, तुझ्या लग्नात मंगलाष्टकांचा माइक न सोडणारे) म्हणाले, "तुम्हाला जरा मदत." मदत! आजवर मी मदत मागितली ती सेट जिन्यावरून चढवताना, आणि तेव्हा तू नुसत्या काठ्या घेऊन पुढे पळायचास.

मध्यंतरात चहा पिताना एल्विन आठवला, आपला जॅझ ड्रमर एल्विन जोन्स. हसू नकोस. १९६५ साल. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने, ज्याच्या बँडमध्ये एल्विन वाजवायचा, त्याच्या शेजारी रशीद अलीला आणून बसवलं, दुसरा ड्रमर म्हणून. 'अ लव्ह सुप्रीम' हा त्यांचा गाजलेला अल्बम रेकॉर्ड करून तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. पियानोवाला टायनर वर्ष संपता संपता बँड सोडून गेला, १९६६ उजाडताच एल्विनही उठला. म्हटलं झालं, आपणही उठायचं. चहावाल्याकडच्या बाकावर बसून मी अध्यक्षांना मेसेजसुद्धा लिहिला, अगदी तोऱ्यात: दोघं वाजवतात त्या गोंधळात मला काही ऐकू येत नाही, क्षमस्व.

एल्विनचं वय तेव्हा अडतीस होतं, माझं एकसष्ट, हे मेसेजमध्ये नव्हतं.

तू अजून त्या दुसऱ्या ड्रमरच्या, टोनी विल्यम्सच्या पार्टीत आहेस का? "सतराव्या वर्षी ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसकडे वाजवत होता," हे वाक्य तू सांगलीच्या खोलीत माझ्या तोंडावर किती वेळा फेकलंस! आणि माझा एल्विन म्हणजे दहा भावंडांतलं शेंडेफळ. थोरला हँक पियानोवर, मधला थॅड ट्रंपेटवर, आणि हा पाँटिअ‍ॅक या आपल्या गावाहून सैन्यात. तिथून सुटून आल्यावर बहिणीकडून पस्तीस डॉलर उसने घेऊन पहिला सेट घेतला. (तुझ्या ताईचे स्नेअरसाठी, त्या पुढच्या छोट्या ड्रमसाठी, घेतलेले चारशे रुपये आपण दिले का रे शेवटी? मला दिल्याचं आठवत नाही.) १९५५ मध्ये न्यूयॉर्कला गेला तो बँडवाल्या बेनी गुडमनकडच्या परीक्षेला, आणि चक्क नापास. गुडमनचं मी समजू शकतो. तालाचा खिळा ठोकून देणारा माणूस हवा होता त्यांना, आणि हा तिहेरी तुकडे दोन हात दोन पायांत वाटून टाकणारा. स्नेअरवर सुरू केलेलं वाक्य पायाच्या मोठ्या ड्रमवर, किकवर संपवणार, सम कुठेतरी लाटेखाली. तू ओरडायचास, "घसरला, घसरला!" मी मांडीवर दीडपट घालून दाखवायचो की बघ, बरोबर आला की नाही. मेसचे अण्णा एकदा दारातून म्हणाले होते, "भांडी पडली का रे?" तुझ्या बाजूचं एवढं एकच मत मला मान्य आहे.

तर मेसेज. पाठवला नाही. घरी येऊन कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं. एका गाण्यात, कडव्याच्या तोंडाशी मी एक फिल, म्हणजे जागा भरणारा तुकडा, घेतलाय, आणि त्यातून बाहेर येताना लय ढिली पडलीय. डावा पाय उशिरा. पोराने दोन मात्रांत उचलून घेतली, गाणाऱ्या बाईंनाही कळू दिलं नाही. मिरजेला त्या झिंगलेल्या ढोलकीवाल्याला मी सांभाळून घेतलं होतं ना, अगदी तसं. एल्विन उठला कारण त्याला ऐकू येईना. मला स्वच्छ ऐकू आलं.

त्यात निघताना पोरगा म्हणाला, "काका, मला ब्रश शिकवाल?" काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवायचं ते. पॅडवर ब्रश कसले येतायत, म्हणजे शिकण्यासारखं आहे खरं. पण तीन रात्री हेच डोक्यात आहे: तो खरंच शिकायला विचारतोय, की म्हाताऱ्याची समजूत काढतोय? की अध्यक्षांनी पढवून पाठवलाय? मी त्याच्या वयाचा असतो तर समजूतच काढली असती. आपण पेटीवाल्या मास्तरांची काढायचोच की.

एल्विन शेवटी शेवटी ऑक्सिजन लावून स्टेजवर बसायचा. बायको, केको, त्याचा सेट लावून सुरात आणून द्यायची. आमच्या सेटवर सध्या साबुदाण्याच्या पापड्या वाळतायत. १८ मे २००४ ला गेला तो एंगलवूडला. तुझ्या न्यू जर्सीत! 'लव्ह सुप्रीम' जिथे एका रात्रीत झालं ते एंगलवूड क्लिफ्स त्याच्या शेजारीच. तू सहा वर्षं तिथे राहिलास आणि एकदाही त्याला ऐकायला गेला नाहीस. त्या दिवशी फोनवर मी जास्त बोललो, कबूल. पण मागे घेत नाही.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिऊला नोकरी लागली हे फेसबुकवर कळलं, तू सांगितलं नाहीस, असो, अभिनंदन. घर विकायचं नक्की झालं का?

सोबत रेकॉर्डिंग पाठवतोय, पूर्ण दोन तासांचं. लय कुठे ढिली पडली ते मुद्दाम सांगत नाही. सगळं ऐक, हेडफोन लावून, आणि तुला सापडलं तर मिनिट-सेकंद लिहून कळव. नाही सापडलं तर खोटं बोलू नकोस. बुधवारी तालीम आहे, त्याच्या आधी.

तुझा,
बाळ्या

ता.क. माझी कोल्ट्रेनची कॅसेट तुझ्याकडेच आहे. तू नाही म्हणतोस, पण तुझ्याकडेच आहे.