अंगणवाडीतली खेळणी मोडू द्या

मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी आहे, राहायला कोपरखैरण्यात. पहाटे जातो, दुपारी दोन-अडीचला घरी येतो. मुलगी साडेचार वर्षांची, आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या अंगणवाडीत जाते. तिथल्या एका कपाटाबद्दल हे पत्र आहे.

मार्केट बंद होतं त्या दिवशी सेविकाताईंनी मला बोलावलं. बाळांचं वजन करायचा काटा चुकीचं दाखवत होता, आणि माझा धंदाच तो. काटा लावून दिला. ताईंनी रजिस्टर ठेवायला कपाट उघडलं तेव्हा खालच्या कप्प्यात खेळण्यांचा संच दिसला: लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, चित्रकोडी, हातात घालायच्या बाहुल्या. सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात, जसं आलं तसं.

"काढत नाही का हो?" मी विचारलं.

"दादा, हे रजिस्टरला चढलंय. एक ठोकळा कमी भरला की तपासणीला मलाच विचारतात. मागे दोन बाहुल्या मी पदरच्या पैशाने आणून ठेवल्या."

ताईंना दोष देत नाही. मुलांची हजेरी आणि वजनं मोबाइलमध्ये भरायची, आहार वाटायचा, घरभेटी करायच्या, शिवाय पंचवीस पोरं दहा बाय बाराच्या खोलीत सांभाळायची. त्यात मोडलेल्या खेळण्याचा भुर्दंड कोण घेईल? त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं.

आता माझ्या घरातलं सांगतो. मुलीने हँगरच्या दोन टोकांना सुतळीने श्रीखंडाचे रिकामे डबे बांधून तराजू केला आणि दाराच्या कडीला टांगला. एका डब्यात भांडी घासायचा मोठा स्पंज, दुसऱ्यात लिंबाएवढा बटाटा. बटाटा खाली गेला. ती बघतच राहिली. "पप्पा, मोठं ते वर कसं गेलं?" मी सांगायला तोंड उघडलं, तर बायकोने डोळ्यांनीच गप्प केलं. मग पोरीने स्पंजच्या डब्यात एकेक चिंचोका टाकायला घेतला. प्रत्येक चिंचोक्यानंतर हात मागे घेऊन, श्वास धरून, तराजू झुलायचा थांबेपर्यंत उभी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नव्या पोऱ्याला एवढा धीर शिकवायला आम्हाला आठवडा जातो. दोन्ही डबे एका रेषेत आले तेव्हा म्हणाली, "मिटलं भांडण."

अर्ध्या तासात मोजणं झालं, जड-हलकं झालं, आकार आणि वजन वेगळं असतं हे झालं. संध्याकाळी बाहुली गिऱ्हाईक झाली आणि तेच चिंचोके रुपये झाले. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहते हे मुलाला असंच कळतं. पुढे 'क' हे चित्र नसून एका आवाजाची खूण आहे हेही त्याच वाटेने कळतं. ते कळायच्या आधी हातात पाटी दिली तर मूल गिरवतं, पण वाचत नाही.

मी धोरणं वाचणारा माणूस नव्हे, मुलगी झाली म्हणून वाचू लागलो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाच्या आत होते, आणि या वयाचं शिक्षण खेळातून व्हावं. केंद्राने 2023 साली अंगणवाडीत आहारासोबत शिक्षणही नीट व्हावं म्हणून 'पोषण भी पढाई भी' सुरू केलं. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात त्या, 2 ऑक्टोबर 1975ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पन्नाशी गाठली. कागदावर काहीच कमी नाही. आणि आपल्याला तर हे बाहेरून शिकायचीही गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा ते गाव ठाणे जिल्ह्यातच होतं. शिंपले, खडे, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. त्याची कुठल्या रजिस्टरला नोंद झाली असेल असं वाटत नाही.

माझी मागणी आहे ती एवढी. अंगणवाडीची खेळणी जडवस्तू, म्हणजे रजिस्टरला कायमची चढलेली वस्तू, म्हणून न धरता वापरून संपणारी वस्तू म्हणून धरा, खडू धरतात तशी. वर्षाअखेरी वेष्टनातला संच दिसला तर त्याचा जाब विचारा, मोडलेल्याचा नको. आणि शनिवारी प्रत्येक मुलाला एक खेळणं घरी नेऊ द्या, सोमवारी परत. बापाच्या हातात ठोकळे पडले की तो बसतो. व्याख्यानाने बसत नाही, हे स्वतःवरून सांगतो.

पालकांसाठी महिन्यातून एक ईसीसीई दिवस, म्हणजे लहान मुलांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा दिवस, ठेवायचा असं योजनेतच आहे. आमच्याकडे तो सकाळी अकराला असतो. मी एकदाच जाऊ शकलो. सगळ्या आया, बाप मी एकटा. आधार कार्ड, लसीकरण, मग फोटो. उरलेल्या दहा मिनिटांत ताईंनी 'शिवाजी म्हणतो' घेतलं. 'शिवाजी म्हणतो' न म्हणता "हात वर" म्हणाल्या आणि हात वर करणारा पहिला गडी मीच. पोरगी आठवडाभर हसत होती, आणि तेव्हापासून रोज रात्री मला हरवते. तो दिवस दोन महिन्यांतून एकदा तरी रविवारी ठेवा, म्हणजे मार्केटातले, रिक्षावाले, कंपनीतले बापही येतील. ताईंना त्याची बदली रजा मात्र द्या, नाहीतर आमच्या खेळासाठी त्यांचा रविवार जायचा.

शासन निर्णय निघाला तर त्याची प्रत अंगणवाडीच्या कपाटावर चिकटवायला सांगा. मी तोंडी सांगून ताई वेष्टन फाडणार नाहीत. त्यांना कागद लागतो.

आपला,
एक मापाडी, एका मुलीचा बाप
कोपरखैरणे, नवी मुंबई