चार वाजताची खुर्ची

प्रिय बाय,

तू शेजारची, पण घरातलीच, म्हणून तुझे आभार कधी मानलेच नाहीत. आज सगळ्यांसमोर मानते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी पुण्यात अडकले आणि आई डिचोलीच्या घरात एकटी. १९ एप्रिलला गोव्यातले सातही रुग्ण बरे झाल्याची बातमी आली आणि मी निर्धास्त झाले. आई फोनवर "बरी आहे गं" म्हणायची. तिने रांधणंच सोडलंय, दोन्ही वेळा पेज-लोणच्यावर भागवतेय, हे मला तुझ्याकडून कळलं.

तू तेव्हा एकोणीस वर्षांची. रोज चारला कुंपणापलीकडे खुर्ची टाकून बसायचीस, आई इकडे ओसरीतल्या सोप्यावर. पहिले आठ दिवस ती हवापाण्यापलीकडे बोललीच नाही. मग एकदा तूच म्हणालीस, "आजी, मला रात्रभर झोप येत नाही. कोणाशी बोलावंसंच वाटत नाही."

आई मला नंतर म्हणाली, "त्या पोरीने आधी सांगितलं, म्हणून मला सांगता आलं." बाबा गेल्यापासून तिला तिन्हीसांजेची भीती वाटायची. पोटच्या लेकीला तिने ते कधी कळू दिलं नव्हतं.

एक गोष्ट मला आजही टोचते. आम्ही सगळे म्हाताऱ्या माणसांच्या काळजीत होतो. रेंजसाठी टेकडीवर जाऊन ऑनलाइन तास ऐकणाऱ्या तुम्हा मुलांना कसं वाटतंय, हे कोणी विचारलंच नाही. साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, तरुणांना आणि बायकांना त्याची झळ जास्त बसली, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. आईला ते कुंपणापाशी आधीच कळलं होतं. तुझ्या आईच्या मागे लागून तिनेच तुला समुपदेशकाकडे न्यायला लावलं.

त्या चतुर्थीला मी आयुष्यात पहिल्यांदा घरी नव्हते. मास्क लावून, स्टुलावर चढून गणपतीवरची फळापानांची माटोळी तू बांधलीस. आई काठीने दाखवत होती: कवंडळं इथे, आंबाडे तिथे, सुपारीचा घोस मधोमध. पाच महिन्यांनी घरात खतखतं, म्हणजे सणाची मिसळीची भाजी, शिजलं. फोनच्या पडद्यावर मी ते बघत होते आणि रडत होते.

आता तू बंगळुरूला असतेस, बरोबरच्या मुलींना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देतेस, असं कळलं. आई ८४ वर्षांची झाली. चार वाजले की अजून सोप्यावर येते. तुझ्यासाठी बिंबलांच्या लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. दिवाळीला आलीस की घेऊन जा, आणि खुर्ची आता कुंपणाच्या आत टाक.

तुझी,
मावशी