आटलेला लोकरी स्वेटर टाकू नका, आमच्या शिवणवर्गाला द्या

कोणीतरी नजरचुकीने गरम पाण्यात बुडवला आणि मग कोणाच्याच अंगात जाईना, असा एखादा लोकरी स्वेटर कपाटाच्या तळाशी असतोच. घालता येत नाही आणि टाकवतही नाही. आमच्या शिवणवर्गाला नेमका तोच हवा आहे.

वर्गातल्या मंडळींनी जुन्या लोकरी कपड्यांच्या हँडबॅगा शिवायला घेतल्या आहेत. त्या विकून येणारे पैसे मशिनींच्या दुरुस्तीला आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या सुई-दोऱ्याला जातील. शिवणारे हात भरपूर आहेत, अडलंय ते कापडावाचून.

आणि कापड कुठलंही चालत नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकत जातात. वीण मिटते, कपडा आटून जाड होतो आणि पुन्हा काही सैल होत नाही. स्वेटर म्हणून तो कामातून गेला, पण नमद्यासारखं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखं, हे कापड कुठेही कातरा, कडेचे धागे सुटत नाहीत. कडा उसवू नयेत म्हणून घालतात त्या ओव्हरलॉक शिलाईची गरज नाही. नुकतंच शिवण शिकणाऱ्याला याहून सोयीचं कापड क्वचितच मिळेल.

ॲक्रिलिकचं तसं नाही. कितीही उकळा, ते आटून घट्ट होत नाही. म्हणून कळकळीची विनंती, लेबल बघून द्या. लोकर निदान ८० टक्के असावी. लोकर शंभर टक्के असूनही 'मशीनमध्ये धुता येईल' असं लिहिलेलं असेल, तर शक्यतो तो स्वेटर बाजूला ठेवा. तो आटू नये म्हणूनच त्या लोकरीवर प्रक्रिया केलेली असते. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून लोकरीचा एक तुकडा काढा, चिमट्यात धरून जाळून बघा. शेजारी वाटीभर पाणी असू द्या. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरा होईल अशी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक गोळी होते. एवढा खटाटोप नको असेल तर तसाच आणा, आम्ही बघू. पण ॲक्रिलिकचे गठ्ठेच्या गठ्ठे आले तर ते निवडण्यातच वर्गाचा वेळ जातो, हेही खरं.

भोकं, डाग, उसवलेली कोपरं, सगळं चालेल. भोक टाळून कापता येतं, नाहीतर त्यावर दुसऱ्या रंगाचं ठिगळ बसतं. खरं सांगायचं तर ठिगळाच्याच बॅगा जास्त देखण्या दिसतात! कसर लागलेला स्वेटर मात्र वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या, म्हणजे बाकीच्या कपड्यांना ती लागणार नाही. आम्ही तो आधी ६० अंशांच्या पाण्यातून काढतो. गडद आणि फिके कपडे वेगळे ठेवलेत तर बरं होईल.

बॅग होते ती अशी: स्वेटरची खालची पट्टी बॅगेचं तोंड होते, पाठ-पोटाचा भाग अंग होतो आणि बाह्या उभ्या कापून बॅग धरायचे बंद निघतात. बंद जोडतात तिथे कापडाचे चार-चार थर येतात आणि साधी सुई मोडते. तिथे १६ नंबरची सुई आणि लांब टाका घ्यावा लागतो, तरीही मशीन अडलं तर चाक हाताने फिरवायचं. शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर राहिलेलं कापड, मागाहून कातरून पातळ करतो. शेवटी अस्तर. ते चुकवून चालत नाही, कारण वजन पडलं की हे कापड ताणतं आणि बॅग लोंबते. बंदाच्या आतही सुती पट्टी घालावी लागते.

त्यामुळे जुन्या सुती चादरी, शर्ट, चालू स्थितीतल्या चेन, मोठी बटणं, कमरेचे चामडी पट्टे हेही हवं आहे. १६ नंबरच्या सुया आणि मजबूत पॉलिएस्टर दोरा कोणी देऊ शकलं तर फारच उत्तम. रोख देणाऱ्यांनी पावती जरूर घ्यावी. जाड कापडावर चालणारं मशीन पडून असेल आणि तासभर बसायची तयारी असेल, तर स्वतःच या.

सामान वर्गाच्या वेळात आणून द्यावं. स्वेटर धुऊन आणलात तर चांगलंच, पण इस्त्री करू नका. गठ्ठा जड असेल तर निरोप द्या, आमच्यापैकी कोणीतरी येऊन घेऊन जाईल.