आमच्या गावच्या आशाताईंना मनापासून थँक्यू

नमस्कार ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्यात एक जरी पावसाळा काढलेला मास्तर असेल ना, त्याला लगेच कळेल मी कुणाबद्दल बोलतोय. मी सांगलीकडचा, आमच्याकडे मलेरिया म्हणजे डॉक्टरकडे जा, रक्त तपासा, गोळ्या घ्या, विषय संपला. इथे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद, मग डॉक्टर काय नि लॅब काय, जे काय आहे ते तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत.

दुसरीतली ती पोरगी वर्गात हुडहुडी भरून थरथरायला लागली, अंग नुसतं भाजत होतं, वर उलट्या, आणि तुम्ही चिखल तुडवत संध्याकाळच्या आत हजर. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब मलेरिया तपासायच्या त्या छोट्या किटवर टाकला, वरून औषधाचे थेंब सोडले, आणि पंधरा-वीस मिनिटं तिच्या आजीशी माडिया बोलीत गप्पा मारत बसलात, जसं काही झालंच नाही. किटवर पीएफची, म्हणजे फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियाची रेघ उमटली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण फॅल्सिपेरम म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा ताप, लहान पोरांना एका दिवसात गंभीर करतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं. तुम्ही शांतपणे वय विचारलंत, पाच ते आठ वर्षांच्या पोरांसाठीचं गोळ्यांचं हिरवं पाकीट काढलंत, आधी भात खाऊ घातलात, मग पहिला डोस तुमच्यासमोर. आणि तिथून उठलाच नाहीत! अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी परत द्यावी लागते म्हणून बसून राहिलात. जाताना आजीला बजावलंत की पोरगी पाणीसुद्धा पीत नसेल, झटके आले, ओळखेनाशी झाली तर रात्र असो की पाऊस, मला उठवायचं, खाटेवर घालून नेऊ. सुदैवाने ती वेळ आली नाही. तीन दिवसांचा कोर्स झाला, मधे दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विन नावाच्या औषधाचा एकच डोस, आणि पुढच्या आठवड्यात बाईसाहेब परत वर्गात दंगा घालायला तयार.

पण ताई, मला जास्त आभार कशाचे मानायचेत सांगू का, ताप उतरल्यानंतर तुम्ही जे येत राहता ना त्याचे. आमच्या शाळेतल्या सरांना व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचा दुसरा प्रकार निघाला, क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी तीन दिवसांत ठणठणीत झाले, आणि नंतरच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या 14 दिवस कशाला खायच्या म्हणून कुरकुर करत होते. तुम्ही त्यांना नीट समजावलंत की हा जंतू लिव्हरमध्ये दडून झोपतो, रक्तातला मेला तरी तो तिथे शिल्लक असतो आणि काही महिन्यांनी परत उठतो, म्हणून पूर्ण 14 दिवस. लघवी काळपट दिसली तर मात्र गोळी थांबवून आधी मला सांगा, हेही. आणि गरोदर बायांना ही गोळी चालत नाही म्हणून ताप आलेल्या प्रत्येक बाईला पाळीचं विचारता, तेही हळूच, बाजूला नेऊन.

पोरांना तर तुम्ही डासच शिकवलात. शाळेमागच्या डबक्यातलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन दाखवलंत की मलेरियाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला समांतर, आडवी पडून असते आणि साध्या क्युलेक्स डासाची डोकं खाली करून तिरकी लटकते. आता आमची चौथीची पोरं मधल्या सुट्टीत वाट्या घेऊन फिरतात, आडवी अळी दिसली की मला ओढत नेतात, मग डबकं बुजवायचं नाहीतर वाट काढून पाणी वाहतं करायचं, कारण अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. विज्ञानाचा असा तास मला कधी घेता आला नसता, खरंच सांगतो.

मच्छरदाणीचं पण तसंच. वाटून मोकळे होणारे खूप असतात, तुम्ही रात्री घरी जाऊन बघता की ती अंगावर आहे की मासे पकडायला गेलीये. धान राखायला शेतात झोपायला जाणाऱ्यांना मच्छरदाणी सोबत न्यायला लावता, कारण हा डास रात्रीच चावतो आणि तिथे शेतात डासांच्या औषधाची फवारणी केलेल्या भिंती नसतात. गावच्या पुजाऱ्याशी सुद्धा तुम्ही कधी भांडला नाहीत, त्यामुळे आता ते स्वतःच सांगतात, आधी ताईकडे जाऊन बोट टोचून या, मग इकडे.

एवढ्या कामाचं जे मानधन मिळतं ते किती आणि किती उशिरा मिळतं ते मला माहितीये, त्याचा रागही येतो, तो वेगळा लिहीन.

दिवाळीला गावी जातोय. तुमची पिशवी पावसात भिजते आणि किटला ओल लागली की ते वाया जातं, म्हणून सांगलीहून चांगली वॉटरप्रूफ सॅक आणतोय, दोन मोठे कप्पे असलेली. नको म्हणू नका, रंग तेवढा कळवा.

तुमचा,
शाळेतला मास्तर