शेवटच्या एसटीआधी वर्ग सुटावा

संपादक महोदय,

भाषावर्गांच्या जाहिरातींत फी असते, स्तर असतो, ‘परदेशात नोकरी’ तर ठळक अक्षरांत असते. वर्ग किती वाजता सुटतो आणि त्यानंतर गारगोटीला, गगनबावड्याला गाडी आहे का, एवढेच नसते. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआय झालेल्या मुलामुलींकडून जर्मनची विचारणा सतत होते. त्यांतल्या बऱ्याच जणांना आठवड्यातून एकदाच कोल्हापूर गाठणे परवडते. त्यांच्यासाठी वर्ग कसा बसवावा, याबद्दल हे पत्र.

जर्मनच्या ए1 या पहिल्या स्तराला 45 मिनिटांच्या किमान 80 तासिका, म्हणजे 60 तास तरी लागतात. आठवड्याला दोन तासांचा वर्ग ठेवला, तर त्या संपायला 30 आठवडे जातात. तोच वर्ग सलग तीन तासांचा केला की 20 आठवड्यांत काम होते, म्हणजे दहा फेऱ्या वाचतात. गगनबावडा सुमारे 55 किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन धरले तर अकराशे किलोमीटरचा प्रवास टळतो. मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी मात्र हवीच, आणि तिसऱ्या तासाला व्याकरण नको. पहाटे उठून आलेल्या मुलाला त्या वेळी विभक्ती शिकवणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. तो तास संवादाला द्यावा.

वार कोणता, हाही प्रश्न आहे. सगळे वर्ग रविवार धरतात आणि तिथेच गाडे अडते. खेड्यांकडच्या कित्येक फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीच असतात, त्या रविवारी बंद. त्यात रविवार जोतिबाचा, गर्दी वेगळीच. शनिवारी दुपारी बारा ते सव्वातीन ही वेळ आमच्या मते सर्वांत सोयीची. संध्याकाळची मुक्कामी गाडी शेवटची असते. ती चुकली की उरते वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप; ते भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडल्यावर भरतच नाही. म्हणून वर्ग मुक्कामी गाडीच्या नव्हे, तिच्या आधीच्या गाडीच्या वेळेवर बांधावा. एक फेरी रद्द झाली तरी दुसरी हाताशी राहते. आषाढीला पंढरपूरकडे आणि गणपतीत कोकणात जादा गाड्या जातात, तेव्हा फेऱ्या रद्द होणे नवे नाही.

परतीची गाडी कुठून सुटते, हे सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवावे. पश्चिमेकडच्या तालुक्यांच्या अनेक गाड्या रंकाळा किंवा संभाजीनगर स्थानकावरून सुटतात आणि नवखा विद्यार्थी मध्यवर्ती बसस्थानकावर वाट बघत बसतो. राजारामपुरीतल्या वर्गाला मध्यवर्ती स्थानकावरून परीख पुलाखालून चालत जाता येते, पण जोराच्या पावसात तिथे पाणी साचते. त्या दिवसांत अर्धा तास जादा धरावा. हातकणंगले, रुकडी, जयसिंगपूर या बाजूच्यांना रेल्वे आहे. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याला ती नाही, त्यामुळे सगळी भिस्त एसटीवर.

ऑनलाइन का नाही, असे कोणी विचारेल. निम्मे जरूर करावे. मराठी माणसाला जर्मनमधली तीन लिंगे नवी नाहीत, तो-ती-ते आपल्याकडेही आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तसे आपलेही येते. ‘त्सु’चा उच्चारही चमच्यातल्या ‘च’जवळचा. हे सारे घरी बसून होते. पण ओठ ‘ऊ’चे ठेवून ‘ई’ म्हणायची, म्हणजे जर्मन ‘ü’ येतो, हे समोरच्याचे ओठ बघितल्याशिवाय जमत नाही. मोबाइलवर आवाज तुटतो, चूक कळत नाही आणि तीच पक्की होते. वर्गातले तीन तास अशाच गोष्टींवर खर्च व्हावेत, शब्दार्थ उतरवून घेण्यावर नव्हे. गाडीत वाचू नये, वळणांवर मळमळते. धड्याचा आवाज आदल्या रात्री उतरवून घ्यावा आणि कानाला लावावा. वाटेत रेंज जातेच.

आठवड्याचा एक वर्ग ए1, फार तर ए2 पर्यंत पुरतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी साधारण बी2, म्हणजे चौथा स्तर लागतो. त्यासाठी इथेच शहरात खोली घेऊन रोज शिकण्याला पर्याय नाही. याबाबत गोड बोलून प्रवेश देणारे वर्ग मुलांचे पैसे आणि वर्ष दोन्ही घालवतात.

तिकिटाचेही बघावे. विद्यार्थी पास मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजांच्या मुलांसाठी आहे, खासगी वर्गाला तो नाही. सर्वसाधारण मासिक पासला 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस प्रवास करता येतो. महिन्यात चार-पाच दिवस येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, मुलींची सोय झाली. मुलांसाठी, आणि आठवड्याला डायलिसिसला किंवा कोर्टाला येणाऱ्यांसाठीही, तीन महिने चालणारे दहा फेऱ्यांचे सवलतीचे कूपन एसटीने काढावे. हे फार मोठे मागणे नाही.

शेवटी पावसाळा. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, केंद्र पुण्याला. पश्चिम भागातल्या मुलाने पहिल्या खेपेला डिसेंबरच धरावा. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की गगनबावडा तुटतो, केर्लीजवळ आले की रत्नागिरी रस्ता. जुलै-ऑगस्टमधले दोन शनिवार बुडणार असे धरूनच अभ्यासक्रम आखावा आणि ते तास सप्टेंबरात भरून काढावेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की वर्ग होणार की नाही, हे आदल्या रात्रीच कळवावे. सकाळी नऊला निरोप पाठवून उपयोग नाही, तोवर गाडीने गाव सोडलेले असते.

आपले,
भाषावर्गांतील काही शिक्षक, कोल्हापूर