कारस्थान बथशेबेच्याच माथी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राचीन राजघराण्यांतील गादीच्या भांडणांवर आपल्या रविवार पुरवणीत जी लेखमाला चालू आहे, तिच्यातला शलमोन राजावरचा भाग वाचला. भाषा ओघवती, चित्र देखणे. पण सूर असा की, दावीद राजा म्हातारा झाला, लाडक्या राणीने, म्हणजे बथशेबेने, त्याचे कान भरले आणि थोरल्याला डावलून आपल्या मुलाला, शलमोनाला, गादीवर बसवले. चित्रातही तेच. अंथरुणाला खिळलेला राजा आणि त्याच्या कानाशी लागलेली बाई. राजवाड्यात काही शिजले की ते जनानखान्यातच शिजले असणार, अशी आपली एक ठाम समजूत असते. मूळ हकीकत बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे, मराठीतही सहज मिळते. ती लेखकाने सावकाश वाचली असती तर चित्रात बाईशेजारी आणखी तीन-चार पुरुष काढावे लागले असते.

सुरुवात बथशेबेपासून होतच नाही. होते ती अदोनीयापासून. दावीदाला हेब्रोनमध्ये झालेल्या मुलांतला हा चौथा. पहिला अम्नोन. त्याने सावत्र बहीण तामारेवर बलात्कार केला आणि तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत त्याला मारवले. दुसऱ्याचे जन्मानंतर नावच ऐकू येत नाही. तिसरा अबशालोम बापावरच उलटला आणि सेनापती यवाबाच्या हातून मेला. उरलेल्यांत थोरला अदोनीया. दिसायला राजबिंडा. त्याने रथ घेतले, घोडेस्वार ठेवले, पुढे धावायला पन्नास माणसे नेमली आणि ‘मी राजा होणार’ असे बोलू लागला. इथे ग्रंथकार जाता जाता एक वाक्य टाकतो: बापाने आयुष्यात कधी त्याला ‘असे का केलेस?’ म्हणून दुखावले नव्हते. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मूळ या वाक्यात आहे. एक मुलगा बलात्कार करतो, दुसरा खून करतो, तिसरा डोळ्यांदेखत राजाचा थाट मांडतो, आणि बाप गप्प. थोरल्याने गादीवर बसावे असा कायदाही तोवर नव्हता. दावीद हा इस्राएलचा दुसराच मोठा राजा. पहिल्याची, शौलाची, गादी मुलाकडे टिकली ती जेमतेम दोन वर्षे. म्हणजे वारस नेमणे राजाच्याच हातात होते, आणि राजाने ते केले नाही.

आता तट पाहा. अदोनीयाच्या बाजूला सेनापती यवाब आणि याजक अब्याथार. दोघेही दावीदाचे रानावनातल्या दिवसांपासूनचे सोबती. अब्याथार तर शौलाने नोब गावच्या याजकांची कत्तल केली तिच्यातून वाचलेला एकटा. समोरच्या बाजूला याजक सादोक, संदेष्टा नाथान आणि बनाया. हा बनाया करेथी आणि पलेथी यांचा नायक, म्हणजे राजाच्या खास पहाऱ्याचा प्रमुख. सैन्याचा सेनापती एकीकडे, महालाच्या पहाऱ्याचा नायक दुसरीकडे. एक याजक इकडे, एक तिकडे. ही दरबारातल्या जुन्या आणि नव्या माणसांची ओढाताण होती. तिच्यात राणीचे अश्रू कुठे बसवायचे ते लेखकानेच सांगावे.

अदोनीयाने एन-रोगेलच्या झऱ्याजवळ मेंढरे, बैल, पोसलेली गुरे कापून मेजवानी घातली. सगळ्या भावांना बोलावले, राजाच्या यहूदा वंशातल्या चाकरांना बोलावले. नाथान, बनाया, राजाचे शूर वीर आणि शलमोन यांना मात्र आमंत्रण नाही. कोण उद्याचा राजा आणि कोण उद्याचा गुन्हेगार, ते या यादीवरूनच ठरल्यासारखे होते. नाथानाने ते ओळखले आणि तो बथशेबेकडे गेला. लक्षात घ्या, तो तिच्याकडे गेला, ती त्याच्याकडे नाही. तो म्हणतो, तुझा आणि तुझ्या मुलाचा जीव वाचवायचा तर मी सांगतो ते ऐक. मग तो तिला वाक्य पढवतो: राजाकडे जा, म्हण, ‘महाराज, माझा मुलगा शलमोन राज्य करील अशी शपथ आपण मला वाहिली होती ना? मग अदोनीया कसा राजा झाला?’ तू बोलत असतानाच मी मागून येतो आणि तुझ्या बोलण्याला दुजोरा देतो. सबंध बेत संदेष्ट्याचा. हाच नाथान, ज्याने उरीया हित्तीची बायको, म्हणजे हीच बथशेबा, पळवल्याबद्दल दावीदाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगून लाजवले होते. आणि शलमोन जन्मला तेव्हा त्याचे यदीद्या हे दुसरे नाव घेऊन आलेलाही हाच. या मुलाशी त्याचे नाते पाळण्यापासूनचे.

ही शपथ दावीदाने कधी वाहिली? शमुवेलाची दोन्ही पुस्तके चाळा, कुठे नोंद नाही. खाजगीत वाहिली असेल, किंवा थकलेल्या राजाच्या आठवणीत ती त्या दिवशी घातली गेली असेल. मला दुसरे जास्त पटते, कारण नाथान स्वतः राजापुढे उभा राहतो तेव्हा शपथेचा शब्दही काढत नाही. तो भोळा चेहरा करून विचारतो, ‘अदोनीयाने राज्य करावे असे आपणच म्हणालात का?’ शिवाय सांगतो की तिकडे लोक खाताहेत, पिताहेत आणि ‘अदोनीया राजा चिरायू होवो’ म्हणताहेत. मेजवानीचे वर्णन परत वाचा. ग्रंथकाराने स्वतः तिथे असा जयघोष ऐकवलेला नाही. तो फक्त नाथानाच्या तोंडी आहे.

बथशेबा अगदीच पढवलेला पोपट होती असेही मी म्हणत नाही. नाथानाने प्रश्न दिला होता, तिने त्याचे ठाम विधान केले, यवाब आणि अब्याथारची नावे घेतली आणि वर म्हणाली, सर्व इस्राएलाचे डोळे आपल्याकडे लागले आहेत, आपण पूर्वजांजवळ निजलात की मी आणि माझा मुलगा गुन्हेगार ठरू. यात लाडीगोडी कुठे आहे? जीव वाचवू पाहणाऱ्या आईचा हा युक्तिवाद आहे आणि तो बिनतोड आहे. शिवाय ती आत येते तेव्हा ग्रंथकार मुद्दाम सांगतो की राजा फार वृद्ध झाला होता आणि शूनेमची अबीशग त्याची सेवा करत होती. ज्या खोलीत एके काळी तिचीच सत्ता होती, तिथे ती आता दुसऱ्या तरुण मुलीच्या देखत जमिनीपर्यंत वाकते. चित्रकाराला काढायचाच तर हा प्रसंग होता.

पुढचे सगळे झपाट्याने होते. राजाच्या खेचरावर शलमोनाला बसवून गीहोनच्या झऱ्यापाशी नेले, सादोकाने पवित्र तंबूतले तेलाचे शिंग आणून अभिषेक केला, शोफार, म्हणजे शिंगाचा कर्णा, वाजला. दोन झऱ्यांमधले अंतर एक किलोमीटरही नाही. तिकडची मेजवानी उरकत होती तोच यवाबाच्या कानी तो आवाज पडला. पाहुणे उठून वाट फुटेल तिकडे पळाले आणि अदोनीयाने अभयासाठी वेदीची शिंगे धरली.

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजातली. आमच्या सिनेगॉगमध्ये दिवाळीच्या आगेमागे एका शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेत, तोऱ्हातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) अब्राहामाच्या अखेरच्या दिवसांच्या भागानंतर, हाच पहिला अध्याय वाचतात. वर बायकांच्या गॅलरीत मराठी पुस्तक मांडीवर घेऊन ऐकताना ही जोडी मला दर वर्षी खटकते आणि आवडतेही. दोघेही वयातीत म्हातारे. अब्राहामाने जिवंतपणीच इतर मुलांना देणग्या देऊन इसहाकापासून दूर पाठवले. दावीदाने घोळ घातला. पण गंमत अशी की वाचन ‘माझा स्वामी दावीद राजा चिरकाल जगो’ या बथशेबेच्या वाक्यावर थांबते. डिसेंबर-जानेवारीत याकोबाच्या मृत्यूच्या भागाबरोबर दुसरा अध्याय येतो, तोही बाराव्या ओवीपर्यंतच, शलमोनाचे राज्य स्थिर झाले इथवर. तेराव्यात अदोनीया बथशेबेच्या दारात उभा राहतो आणि तिथून रक्त सांडू लागते. ते आम्ही शब्बाथला मोठ्याने वाचत नाही. त्यामुळे शलमोन म्हटले की आमच्या लोकांनाही दोन बायका आणि एका बाळाचा निवाडाच आठवतो, तर लेखकाला तरी किती दोष द्यावा!

तर तेरावी ओवी. अदोनीया म्हणतो, राज्य माझेच होते, सगळे इस्राएल माझ्याकडे पाहत होते, असो, एकच मागणे आहे, अबीशग मला बायको म्हणून दे असे राजाला सांग. बथशेबा जाते. शलमोन उठून तिला नमन करतो, उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडतो, ‘आई, माग, मी नाही म्हणणार नाही’ म्हणतो. मागणे ऐकताच उसळतो: ‘मग राज्यच माग ना त्याच्यासाठी! तो माझा थोरला भाऊ आहे, आणि अब्याथार व यवाब त्याच्या बाजूचे!’ राग अगदी निराधार नव्हता. राजाच्या उपपत्नीवर हक्क सांगणे म्हणजे गादीवर हक्क सांगणे, हे अबशालोमाने महालाच्या गच्चीवर तंबू ठोकून सगळ्यांना दाखवले होते. पण मागणी एकाची आणि तोंडी नावे तिघांची, म्हणजे यादी आधीच तयार होती. बनायाने त्याच दिवशी अदोनीयाला मारले. अब्याथारला अनाथोथ गावी शेतावर हाकलले. यवाब परमेश्वराच्या तंबूत वेदीची शिंगे धरून बसला, तिथेच त्याला संपवले. अबशालोमाच्या बंडात दावीदाला शिव्याशाप देणारा शिमी, त्याला यरुशलेमबाहेर पाऊल टाकायला बंदी. तीन वर्षांनी त्याचे दोन दास पळाले, त्यांना आणायला तो गथला गेला आणि परत आल्यावर बनायाच्या हातून मेला. यवाब आणि शिमी यांची नावे मरणाऱ्या दावीदानेच मुलाला सांगून ठेवली होती. ‘तुझ्या शहाणपणाप्रमाणे कर’ असे तो यवाबाबद्दल म्हणतो. शलमोनाच्या शहाणपणाचा या हकिकतीतला पहिला उल्लेख हाच.

फायदा कुणाचा झाला? बनायाला यवाबाची जागा, सादोकाला अब्याथारची. चौथ्या अध्यायातल्या कारभाऱ्यांच्या यादीत नाथानाचे पुत्र म्हणून दोघे जण आहेत. हा नाथान तोच असावा असे माझे मत. बथशेबा मात्र त्या आसनावरून उठते आणि हकिकतीतून नाहीशी होते. तिचा निरोप उघडपणे धुडकावला गेला होता. तिला परिणाम ठाऊक होता का? मला वाटते, होता. ग्रंथ बोलत नाही.

कुणाला हे सगळे नको असेल तर बायबलमधल्याच ‘इतिहास’ नावाच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकाचे शेवटचे अध्याय आहेत. तिथे दावीद सरदारांची सभा भरवून शलमोनाला नेमतो आणि सगळे आनंदाने मान डोलावतात. ते पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतरचे. तोवर घराण्याची आठवण बरीच घासूनपुसून झाली होती.

आणि गादीसाठी हात रक्ताने माखणारी राणीच हवी असेल तर अथल्या आहे. मुलगा, राजा अहज्या, मारला गेल्यावर तिने राजवंशच संपवायला घेतला आणि सहा वर्षे यहूदावर राज्य केले. पण तिच्या तावडीतून तान्ह्या योवाशाला उचलून दाईसह मंदिरात लपवणारी यहोशेबा हीही त्याच घराण्यातली बाई, अहज्याची बहीण.

लेखमालेचा पुढचा भाग बहुधा शलमोनाच्या मुलावर, रहबामावर, असेल, दहा वंश फुटून गेले त्यावर. त्याच्या आईचे नाव नामा, ती अम्मोनी होती. तिने कुणाचे कान भरले असे ग्रंथात एक अक्षरही नाही. रहबामाला चुकीचा सल्ला दिला तो त्याच्याबरोबर वाढलेल्या तरुण पुरुषांनी. तेवढे चित्रकाराला आधीच कळवावे, ही विनंती.

आपली,
एक बेने इस्राएल वाचक, ठाणे